आईचा फोटो, घरच्या घरी

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. मागची रोजनिशी व्यायामाच्या संकल्पाबरोबर बंद पडली. त्यात रोजनिशीचा दोष नव्हता आणि माझा तर मुळीच नव्हता.

काम असं आहे. २३ तारखेला आईला पंचाहत्तर पूर्ण होतात. काय हवं म्हणून विचारलं. कपडे नको, शाल नको, माणसं जमवणं नको. मग हॉलमधल्या बाबांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, मला माझा एक चांगला फोटो हवा, भिंतीवर लावायला. मी धडधाकट असताना, मला पसंत पडलेला. नाहीतर तुम्ही माझंही असंच करून ठेवाल.

बाबांचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. ते अचानक गेले, तेव्हा घरात दुसरा सापडलाच नाही. डाव्या खांद्यावर ऑफिसचा अर्धा गोल शिक्का आहे आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा. आई म्हणाली, ज्या माणसाने कुणाची पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही, तो रोज भिंतीवरून आरोपीसारखा बघतो, मला वाईट वाटतं.

मलाही वाटतं. म्हणून तर ते गेल्यावर लगेच डिजिटल कॅमेरा घेतला. सात वर्षं घरातला एक प्रसंग सोडलेला नाही. त्यात आईचा बाल्कनीत मटार सोलतानाचा फोटो आहे. ऊन पडलंय, हसते आहे. कॉम्प्युटरवर पाहून स्वतःच म्हणाली, हां, ही मी.

म्हणजे फोटो तयार, पसंती तयार. फक्त मोठा करायचा. उद्या ऑफिसातून येताना स्टुडिओत टाकतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

स्टुडिओवाल्याशी संबंध संपले.

कॅमेऱ्याचं कार्ड मशीनला लावून दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाला, काका, हा मोठा होणार नाही, फार बारीक आहे. आजींना इकडे घेऊन या, लाइट लावून बसवतो, मस्त काढतो. म्हणजे धंदा! मी काढलेला फोटो चालत नाही, याने काढलेला चालतो. मी म्हटलं, माझ्या फोटोत काय कमी आहे ते सांगा. तर मला उत्तर न देता पासपोर्ट फोटोवाल्या गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करायला गेला. त्या गिऱ्हाइकासमोर माझी काय शोभा राहिली?

तिथल्या तिथे जाहीर केलं की या स्टुडिओची पायरी पुन्हा चढणार नाही. प्रिंट घरीच काढणार आणि याच्यापेक्षा सरस काढणार. तो म्हणाला, बरं.

घरी सौ. म्हणाली, तुम्ही नळ घरच्या घरी दुरुस्त केला होता, त्यानंतर प्लंबर दोन दिवस येत होता. विषय सोडून बोलायची तिला सवय आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

फोटो प्रिंटर घेतला. खोक्यावरच लिहिलंय, स्टुडिओच्या तोडीचे प्रिंट, घरच्या घरी. कंपनी उगाच लिहिणार नाही. सोबत चकचकीत फोटो पेपर आणि रंगीत शाईचा संच. किंमत सौ.ला सांगितलेली नाही. दर्जा पाहिल्यावर तिलाच विचारावंसं वाटणार नाही.

रात्री ताईचा फोन. मेहुणे पलीकडून ओरडून म्हणाले, कशाला उपद्व्याप, स्टुडिओत टाका. या गृहस्थांचं कार्ड एका सहलीत भरतं आणि मग फोटो खोडत बसतात. माझ्या कार्डावर सात वर्षांचे फोटो आहेत आणि अजून निम्मी जागा शिल्लक! रेकॉर्ड सेक्शनला हयात घालवली ती उगीच नाही. चार कपाटांच्या फायली दोन कपाटांत बसवणारा माणूस मीच. साहेबांनी सगळ्यांसमोर तसं बोलून दाखवलं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला प्रिंट काढला. कोरा आला.

दुसराही कोरा. तिसऱ्यात बारकाईने पाहिलं तर आईच्या जागी काहीतरी असल्याचा भास झाला. सौ. म्हणाली, भासच आहे.

निष्कर्ष : कागदात दमट हवा शिरली आहे. पेपर उशीखाली ठेवले आहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

शाईच्या डब्यांना नारिंगी चिकटपट्टी असते. ती काढायची असते. हे माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर आहे म्हणे. पहिलं पान मी कधीच वाचत नाही, तिथे नेहमी अभिनंदन लिहिलेलं असतं.

पट्टी काढल्यावर प्रिंट आला! रंगीत! सगळ्यांना हाका मारल्या. दुर्दैवाने हाका मारताना अंगठा लागला आणि आईची हनुवटी मानेपर्यंत लांबली. शाई सुकत नाही असं दिसतं. सोफ्याच्या खोळीवर थोडा निळा डाग. पडद्यावर थोडा जास्त.

उपाय काढला. सगळे प्रिंट बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. समोरच्या घरातल्या बाईंनी सौ.ला विचारलं, सगळं ठीक आहे ना, एकाच माणसाचे एवढे फोटो का लावलेत. आईने ते ऐकलं आणि स्वतः बाल्कनीत जाऊन त्यांना हात हलवून दाखवला.

९ नोव्हेंबर, रविवार

चोवीस तास झाले तरी शाई ओली.

कन्येला कॉलेजला सुट्टी, म्हणून ती डोकावली. म्हणाली, तुम्ही पेपरच्या मागच्या बाजूला छापताय. मी शांतपणे समजावलं की ज्या बाजूला कंपनीचं नाव असतं ती दर्शनी बाजू. आमच्या ऑफिसात इतकी वर्षं लेटरहेड हाताळतोय, मला कागदाची बाजू कोण शिकवणार? ती म्हणाली, हे लेटरहेड नाही. तिने एक कागद उलटा घालून छापला. सुकाच बाहेर आला.

नवीन पेपरमध्ये असंही करतात हे नोंद करण्यासारखं आहे. पण कुणीतरी कंपनीला कळवायला हवं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता फक्त रंग राहिला. प्रिंटमध्ये आई हिरवी येते. फार नाही, पण आजारी वाटावी इतपत. स्क्रीनवर ठीक दिसते, कागदावर हिरवी. दोन्ही जुळत नाहीत.

दोन तास डोकं लावलं. मॉनिटरच्या बटनांशी खटपट केली आणि जमलं. आता स्क्रीनवर आई जशी दिसते तशीच हुबेहूब कागदावर येते. दोन्हीकडे हिरवी. याला म्हणतात मॅचिंग.

कन्या कॉलेजचं काम करायला बसली आणि किंचाळली. म्हणाली, सगळी स्क्रीन तळ्यासारखी झालीय. तिने परत बटनं फिरवली. या पिढीला कष्टांची किंमत नाही. मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी बदललं, तिथे म्हणे पेपरचा प्रकार निवडायचा राहिला होता. आई गोरी झाली. पोस्टकार्डाएवढा प्रिंट खरोखर चांगला आला. मी तो मेहुण्यांना पोस्टाने पाठवला, अक्षरही न लिहिता.

आईने दुसरा प्रिंट उशाशी ठेवून घेतला. म्हणाली, आता एवढाच मोठा कर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोठा केला. चार कागदांवर तुकडे छापून मागून चिकटवले.

जवळून पाहिलं तर काही ठिकाणी चौकोन दिसतात. उदाहरणार्थ दात. सौ. म्हणाली, बाथरूमच्या टाइल्स. पण चित्र नाकाला लावून कोण बघतं? कोणत्याही फोटोला बघायचं योग्य अंतर असतं. मी मागे मागे सरकत ते अंतर शोधलं आणि फरशीवर खडूने रेघ मारली. पाहुण्यांनी या रेघेवर उभं राहायचं.

आईला उभं केलं. ती म्हणाली, इथून बाई आहे एवढं कळतं. थोडी मागे नेली. म्हणाली, आता माझ्यासारखी दिसते. मात्र तेव्हा ती स्वयंपाकघरात पोचली होती.

सोफा हलवून खडूची रेघ आणखी मागे घेता येते का, ते बघतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कन्येने कॅमेरा हातात घेतला, बटनं दाबली आणि मेनू दाखवला. फोटोची साइज : लार्ज, मीडियम, स्मॉल. खूण स्मॉलवर. म्हणाली, बाबा, हे कुणी केलं?

मी केलं. घेतला त्याच दिवशी. जास्त फोटो मावावेत म्हणून. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. जागा वाचवायची नाही तर काय करायचं?

तिने विचारलं, म्हणजे सात वर्षांतले सगळेच?

सगळेच. तिची शाळेतली बक्षिसं. ताईच्या नव्या घरातला पहिला दिवस. सौ. झोपलेली असताना चुकून काढलेला, जो मला फार आवडतो. आईचे सगळे. यातला एकही पोस्टकार्डाच्या पुढे जाणार नाही.

संध्याकाळी एकटाच बसून सगळे फोटो पाहिले. स्क्रीनवर छान दिसतात. थोडं लांबून पाहिलं तर फारच छान. चष्मा काढला तरी.

आज एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

खचून जाणाऱ्यातला मी नाही. साइज लार्ज केली, आईला पुन्हा बाल्कनीत बसवलं, मुद्दाम मटार आणले.

हस म्हटलं. ती म्हणाली, हसायला काय झालंय? मी म्हटलं, त्या दिवशी हसत होतीस. ती म्हणाली, त्या दिवशी तू कॅमेऱ्याची टोपी न काढता अर्धा तास फोटो काढत होतास. मी म्हटलं, हनुवटी वर, मान डावीकडे, मटारांकडे बघू नकोस, नैसर्गिक राहा. मान दुखायला लागली तरी ती बसून राहिली. बिचारी.

वीस-पंचवीस काढले. प्रत्येकात चेहरा बाबांसारखा, आता अटक होणार असा. तिने एकेक पाहिले, मग भिंतीकडे पाहिलं. म्हणाली, आता जोडी शोभते.

सौ. आणि कन्या खो खो हसल्या. आई हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, राहू दे रे. मी गेल्यावर तुम्हांला जो सापडेल तो लावा.

हे वाक्य मला चालणार नाही. आठवडा हातात आहे. त्या स्टुडिओवाल्याकडे मात्र जाणार नाही म्हणजे नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

त्या पंचविसांतला एक त्यातल्या त्यात कमी गुन्हेगार वाटतो. तोच मोठा छापायचा असं ठरवलं.

प्रिंटवर आडव्या रेघा. माहितीपुस्तकात उपाय आहे, हेड क्लीनिंग. बटन दाबलं की यंत्र कण्हतं, घरघरतं आणि आतल्या आत स्वतःला धुतं. एकदा केलं. रेघा कमी झाल्या. पुन्हा केलं. वाढल्या. मग मीही हट्टाला पेटलो. ऑफिसला जायच्या आधी, आल्यावर, जेवणाआधी.

सौ.ने विचारलं, हे धुवायला आत काय वापरतं? चांगला प्रश्न होता. शाई वापरतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शाई संपली. तीन दिवसांत एकही धड फोटो न छापता. यंत्राने ती स्वतःच्या अंघोळीत घालवली.

दुकानदार म्हणाला, नवा संच घ्या. मी बरा घेईन! त्याच्याकडेच बाटलीतली सुटी शाई आणि इंजेक्शनची सुई मिळते. डब्यात आपल्या हाताने भरायची. तो म्हणाला, जरा सांभाळून, हातमोजे घाला, जुने कपडे घाला. मी म्हटलं, मला गोष्टी नेमक्या जागी बसवायची सवय आहे.

सौ.ने बाटली पाहिली आणि हॉलमधले पडदे काढून ठेवले. एवढा अविश्वास बरा नव्हे.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपार

शाई भरली.

निळ्या डब्याचं भोक वाळल्या शाईने बुजलं होतं, सुई जाईना. जरा जोर केला. डब्याने शाई सगळी परत पाठवली. कपाळ, गाल, उजवा कान, मिशी. पुसायला गेलो तर दोन्ही हातही निळे. घरात आरडाओरड होऊ नये म्हणून मी स्वतःच हॉलमध्ये गेलो, हात वर केला आणि आईला सांगितलं की घाबरू नकोस, परिस्थिती पूर्ण आटोक्यात आहे.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग उघड. चष्मा नाकावरून घसरला, एक हात छातीवर, श्वास पुरेना. सौ. पाणी घेऊन धावली आणि तीही खाली बसून हसायला लागली. बाबा गेल्यापासून आईला असं हसताना मी पाहिलेलं नाही. क्षणभर मलाही बरं वाटलं, पण अपमान तो अपमान.

तेवढ्यात फ्लॅश पडला. कन्येच्या हातात माझा कॅमेरा. मी चांगलंच झापलं. म्हटलं, लार्जवर ठेवलाय, असल्या भलत्या फोटोंनी कार्ड भरेल, आत्ताच्या आत्ता डिलीट कर. ती बरं म्हणाली. शहाणी मुलगी आहे, एका शब्दात ऐकते.

साबणाने गाल निघाला. कान निघत नाही.

संध्याकाळ

आई आणि कन्या पाय मोकळे करायला गेल्या होत्या. आई एरवी जिनाही उतरत नाही. चांगलं लक्षण आहे. माझ्या प्रयत्नांनी घरात चैतन्य आलं आहे.

त्या वेळात मी मोठा प्रिंट काढला. रेघा आहेत, पण सरळ आहेत. चेहरा जरा कठोर आहे, पण करारी म्हणता येईल. फ्रेममध्ये घातला. काच लावल्यावर कोणताही फोटो सुधारतो.

उद्या ताठ मानेने द्यायचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

ताई आणि मेहुणे आले. मेहुण्यांनी माझ्या कानाबद्दल विचारलं. मी कामाचा व्याप सांगितला.

आई मधल्या खुर्चीत बसली. मी थोडंसं बोललो. बाजारातून विकत आणलेली वस्तू आणि स्वतःच्या हातची वस्तू यांत काय फरक असतो, हे दाखवून दिलं. मग फ्रेमवरची चादर काढली.

ताईने मान वाकडी करून पाहिलं. मग मेहुणे म्हणाले, खिडकीच्या गजांतून काढलाय का?

आई मात्र फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. माझ्या निळ्या बोटांवर हात ठेवून म्हणाली, किती खटाटोप केलास रे माझ्यासाठी. आता रागावू नकोस. आणि कन्येला सांगितलं, पलंगाखालचं ते काढ.

पलंगाखालून सपाट पार्सल आलं. स्टुडिओचं नाव असलेलं. काल दोघी पाय मोकळे करायला तिथेच गेल्या होत्या.

फोटो मोठा आहे. दात दातांसारखे आहेत. आई मान मागे टाकून हसते आहे, चष्मा घसरलेला, एक हात छातीवर. इतकी खरी की आवाज ऐकू यावा. आणि उजव्या कोपऱ्यात अर्धा माणूस उभा आहे. निळा कान, निळा गाल, वर केलेला निळा हात.

मी कन्येकडे पाहिलं. ती म्हणाली, डिलीट करायचा राहूनच गेला.

कळलं ते असं. स्टुडिओवाला म्हणाला होता, आजी, कोपऱ्यातला हा माणूस कापून टाकतो, फ्रेम स्वच्छ होईल. आईने त्याला बजावलं, खबरदार! त्याच्यामुळेच हसतेय मी. तो राहिलाच पाहिजे. मी नसेन तेव्हा लोक विचारतील हा निळा कोण, तर सांगायचं, मुलगा आहे, आणि परिस्थिती आटोक्यात आहे.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाई राहिली असावी, असं मी सगळ्यांना सांगितलं. ताईने रुमाल दिला, तोही निळा झाला, म्हणजे माझं म्हणणं खोटं नव्हतं.

फोटो बाबांच्या शेजारी लावला. खिळा मी ठोकला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता बाबा आरोपी वाटत नाहीत. शेजारी एवढं हसू चाललेलं पाहून जरा गोंधळलेले वाटतात, एवढंच. खांद्यावर शिक्का असलेले ते आणि कानावर शाई असलेला मी. आई म्हणाली, बापलेक शोभता.

माझी फ्रेम सौ.ने आत कपाटावर ठेवली आहे. टाकलेली नाही, याची नोंद घेतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला एक प्रत हवी. मेहुण्यांनाही एक हवी, ऑफिसात लावायला म्हणे. या माणसाच्या ऑफिसात आमच्या आईचं काय काम, ते मला कळतं. तिथे सगळे तो निळा कोपरा बघणार आहेत.

घरी छापतो म्हटलं. सगळे एकदम नको म्हणाले. कन्येला परीक्षा, सौ.ला वेळ नाही. शेवटी मीच गेलो. स्टुडिओपुढे पाहिलं तर पायरी नाहीच, चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला आहे. तेव्हा माझा शब्द मोडला असं कुणी म्हणू शकत नाही.

स्टुडिओवाल्याने मान वर केली, माझ्या कानाकडे पाहिलं आणि न विचारता आईचा फोटो स्क्रीनवर उघडला. किती प्रती, एवढंच म्हणाला. मी तीन सांगितल्या. एक माझ्या टेबलासाठी.

प्रती हातात आल्यावर मी त्याच्यासमोरच उजेडात धरून तपासल्या. छपाई बरी आहे, नाही म्हणत नाही. पण सबंध फोटोत सगळ्यांत उठून दिसतो तो निळा रंग, आणि तो त्याचा नाही. तो माझा आहे, घरच्या घरी केलेला. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, हो काका, पक्का आहे, अजून गेला नाही.

प्रिंटर विकायचा का, असं सौ.ने जेवताना विचारलं. मुळीच नाही. कोरा कागद तो अजूनही उत्तम काढतो.